शाडूतला सिंबा: एक भुवयांचा, एक बिनभुवयांचा

मंडळी, सिंहाची जोडी अखेर उभी राहिली. एकाच प्रसंगाची दोन डोकी करायची होती: बाप मुफासा गेल्यानंतरचा छोट्या सिंबाचा चेहरा, एक 'द लायन किंग'च्या 1994च्या कार्टूनमधला आणि दुसरा 2019च्या रिमेकमधला. दोन्ही वीतभर उंच, आत तार, वर शाडू.

मातीचं थोडक्यात सांगतो. शाडू बापट कॅम्पातल्या कुंभारांकडूनच आणला. वाळताना माती आक्रसते, तार आक्रसत नाही, म्हणून कानाच्या मुळाशी हमखास तडा जातो. या वेळी तारेवर सुतळी घट्ट गुंडाळून घेतली आणि कानांवर ओलं फडकं ठेवलं. शिवाय कोल्हापूरचा पाऊस, त्यामुळे माती सावकाश वाळली आणि कान शाबूत राहिले.

कार्टूनचा सिंबा भराभर झाला. या बछड्याच्या अ‍ॅनिमेशनची मुख्य जबाबदारी मार्क हेन यांच्याकडे होती. त्या चेहऱ्यात सिंह कमी आणि माणूस जास्त आहे: डोळ्यांत भरपूर पांढरं, वर जाड भुवया, तोंड आखूड. भुवयांची आतली टोकं कोरणीनं जरा वर उचलली आणि दुःख आलंच. भाच्याला लांबून दाखवलं तर लगेच म्हणाला, "मामा, ह्याचं कोणतरी गेलंय."

दुसऱ्या डोक्यानं मात्र घाम काढला. खऱ्या बछड्याला तशा भुवया नसतात. डोळ्यातलं पांढरं जवळजवळ दिसत नाही आणि ओठ शब्दांसाठी बनलेलेच नाहीत. शरीररचनेशी प्रामाणिक राहून कोरत गेलो तसा सिंह हुबेहूब होत गेला आणि सिंबा नाहीसा होत गेला. भाच्यानं विचारलं, "हा झोपेतनं उठलाय काय?" मग मान वाढवली, खांदे केले, कान मागे पाडले, डोकं खाली झुकवलं. तेव्हा कुठं काहीतरी दुखतंय असं वाटायला लागलं. सिंहाचं दुःख अंगात असतं, तोंडावर नसतं. हे हातानं केल्याशिवाय मला इतकं स्पष्ट कळलं नसतं.

म्हणूनच 2019च्या सिनेमावरचा माझा राग आता नेमका झालाय. 'चेहरे मख्ख आहेत' ही तक्रार आपण सगळेच करत आलो. पण दिग्दर्शक जॉन फॅव्रो यांनी सिंह खरे केले ही चूक नव्हे. सिंह खरे केले आणि प्रसंगांची मांडणी मात्र बऱ्याच ठिकाणी कार्टूनचीच ठेवली, दुखणं तिथं आहे. जो कॅमेरा भुवया टिपायला चेहऱ्यापाशी जायचा, तो आता भुवया नसलेल्या चेहऱ्यापाशी जाऊन थांबतो. सूर्योदयाचा पहिला शॉट सोडला तर तो अख्खा सिनेमा संगणकावर तयार झालाय. एवढं सगळं हातात असताना पाठ, शेपटी, चाल यांतून दुःख सांगायला कोण अडवत होतं?

आणि याच माणसाचा 2016चा मोगली, म्हणजे 'द जंगल बुक', मला मनापासून आवडतो. तोही लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतच झाला, जंगलही संगणकातलंच. पण मध्यभागी नील सेठी हा हाडामांसाचा पोरगा होता. प्राण्यांच्या तोंडावर जे उमटत नाही ते त्याच्या तोंडावर उमटतं. हिंदीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, दूरदर्शनच्या मालिकेतही त्यांचाच होता. तो आवाज थेटरात ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता. दिग्दर्शक तोच, तंत्रही जवळपास तेच, तरी एक सिनेमा जीव लावतो आणि दुसरा लांब ठेवतो. फॅव्रोंना नावं ठेवणारे आणि डोक्यावर घेणारे, दोघांशीही मी भांडतो ते यामुळेच.

रंकाळ्यावर आपल्यातल्या एकानं ठासून सांगितलं, "भावा, ज्यानं कार्टून केलं त्यालाच सिनेमा करू दे, विषय संपला." 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टूनचे मूळ निर्माते 2020मध्ये त्यावरची नेटफ्लिक्सची खऱ्या नटांची मालिका सोडून गेले तेव्हा मीही हेच म्हणत होतो. आता इतकं सरळ वाटत नाही. डीन डेब्लॉय यांनी 2010चा 'हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन' हा कार्टूनपट क्रिस सँडर्स यांच्यासोबत केला आणि त्याचाच, खऱ्या नटांना घेऊन, 2025चा लाइव्ह-अ‍ॅक्शनही स्वतःच केला. त्यातला टूथलेस हा ड्रॅगन जिवंत वाटतो, कारण ड्रॅगन कुणी पाहिलेलाच नाही. त्याचे मोठाले डोळे कायम ठेवले तरी 'असं नसतं' म्हणायला कुणी येत नाही. सिंहाला ही सवलत नाही. पण जुने शॉट इतक्या निष्ठेनं पुन्हा घेतलेले बघताना मला वाटत राहिलं, की पंधरा वर्षांनी त्याच माणसाकडं सांगायला नवं काहीतरी असणार, ते ऐकायचं राहून गेलं.

आपल्या मातीतलं उदाहरणही आहेच. छोटा भीमचे जनक राजीव चिलका यांनी 2012च्या कार्टूनपटातल्या दमयानच्या गोष्टीवर 2024मध्ये स्वतःच लाइव्ह-अ‍ॅक्शन सिनेमा दिग्दर्शित केला. त्यात भीम झालाय यज्ञ भसीन. पुढची जोडी हीच. कार्टूनच्या भीमाचं डोकं म्हणजे जवळजवळ गोळाच, त्यावर चिमुकला बुचडा. समोरून तो सोपा आहे, पण बाजूनं नाक नेमकं किती पुढं घ्यायचं ते ठरत नाहीये. कुणी भीमाच्या बाजूच्या चेहऱ्याच्या स्वच्छ फ्रेम काढून ठेवल्या असतील तर पाठवा. सांगाडा बांधून तयार आहे, रविवारी माती चढवतोय.