बाटलीतला कापूस

आज अक्कांसोबत एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, गेलते. (त्यांना विचारूनच लिहितेय, नाव टाकत नाही.) अक्का तृतीयपंथी आहेत, पूर्व भागात राहतात. सोलापुरातच गोळ्या मिळत असताना दोन वर्षं एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जायच्या, का तर इथं रांगेत ओळखीचं कुणी दिसलं की गल्लीभर होणार, मग मधे तिकिटाला पैसे नव्हते, दोन महिने गोळ्या बंद आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वर. गोळी फुकट आहे हो! 2004 पासून सरकार देतंय, आता बहुतेकांना दिवसाला एकच. नियमित घेतली आणि लोड तपासणीत दिसेनासा झाला, टिकला तसाच, तर संबंधातून लागण होत नाही. हे किती जणांना माहितीय?

आणि दारातच एकजण मोठ्यानं, "एचआयव्हीवाले तिकडं बसा." 2017 चा कायदा आहे बाबा, संमतीशिवाय कुणाचं स्टेटस सांगता येत नाही. मी भांडायला उठले तर अक्कांनीच हात धरला, "ऱ्हाऊ दे गं, पुढच्या महिन्यात मलाच यायचंय."

बाहेर आल्यावर पर्समधून कापूस काढला, बाटलीत कोंबला. म्हटलं हे काय? तर म्हणे, रिक्षात गोळ्या वाजतात.