चालू जहाज भंगारात नेताना

2016 साली मी 4,250 टीईयूच्या, म्हणजे वीस फुटी तेवढे डबे मावणाऱ्या, एका कंटेनर जहाजावर चीफ इंजिनियर होतो. जहाज 2001 चं, कोरियन बांधणीचं. मालक जर्मन, झेंडा लायबेरियाचा. मधली एक रजा सोडली, तर चार्टररने, म्हणजे भाड्याने घेणाऱ्याने, ते परत केलं तिथपासून गुजरातमधल्या अलंगच्या चिखलात चढवलं तिथपर्यंत मी त्याच्यावरच होतो. जहाज भंगारात काढतात म्हणजे नक्की काय करतात, आणि तेव्हा वरच्या माणसांचं काय होतं, असं मर्चंट नेव्हीतली नवी मुलं अजूनही विचारतात. म्हणून हे जरा सविस्तर.

जहाज गंजलं, इंजिन थकलं की ते मोडीत जातं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमचं इंजिन ठणठणीत होतं. आठ सिलिंडर, 90 सेंटिमीटर बोअर, साधारण 36,500 किलोवॉट, कॅमशाफ्टवर चालणारं जुन्या धाटणीचं मशीन. लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याची, झीज मर्यादेच्या बरीच आत. या जहाजाचा घात केला तो त्याच्या रुंदीने: 32.2 मीटर.

पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमध्ये मावेल तेवढं मोठं, या हिशोबाने ही पनामॅक्स जहाजं बांधली जात. लांबी 294 मीटरपर्यंत आणि रुंदी 32 मीटरच्या जरा वर. इतक्या लांब आणि अरुंद जहाजाच्या डेकवर डबे रचले की तोल सांभाळायला पोटात हजारो टन बॅलास्टचं पाणी भरून न्यावं लागतं. त्या पाण्याचं भाडं कोणी देत नाही, पण ते ओढायला तेल मात्र जळतं. कालव्यातून जायचं म्हणून हे सगळं चालवून घेतलं जायचं. 26 जून 2016 ला नवे लॉक सुरू झाले, 49 मीटर रुंदीची जहाजं त्यातून जाऊ लागली. त्यांच्यावर तेरा-चौदा हजार डबे बसतात. आमच्या मापाची गरजच संपली.

बाजार त्याआधीच बसला होता. 2008 च्या आधीच्या तेजीत जर्मनीतल्या फंडांनी डॉक्टर, दंतवैद्य अशा लोकांची बचत गोळा करून धडाधड जहाजं मागवली होती. 2009 मध्ये माल आटला आणि जगातल्या कंटेनर ताफ्याचा सुमारे दहावा हिस्सा नांगर टाकून बसला. तरी ऑर्डरी थांबल्या नाहीत, उलट 2013 पासून 18,000 टीईयूची जहाजं यायला लागली. तशी मोठी जहाजं आशिया-युरोप मार्गावर आली की तिथली आधीची खालच्या मार्गावर सरकतात, तिथली आणखी खाली. या उतरंडीच्या तळाला आम्ही होतो. 2016 मध्ये आमच्यासारख्या जहाजाला दिवसाला चार-पाच हजार डॉलर भाडं मिळत होतं, आणि खलाशी, विमा, स्पेअर, ल्युब ऑइल धरून नुसतं जिवंत ठेवायचा खर्चच सहा-सात हजार.

चार्टरर जहाज परत करतो तेव्हा फारसं काही घडत नाही. बंकर, म्हणजे टाक्यांतलं इंधन, मोजतात, हॅच आणि लॅशिंगच्या सामानाची पाहणी होते, सह्या होतात. आम्ही सिंगापूरच्या पूर्वेला, बंदराच्या हद्दीबाहेर, ज्याला सगळे ईस्टर्न ओपीएल म्हणतात तिथे, नांगर टाकला. पहिले काही आठवडे हॉट ले-अप: माणसं सगळी, एक जनरेटर चालू, फोन आला की निघायची तयारी. फोन येत नव्हता. मग मालकाने खर्च कापायला जहाज मलेशियातल्या लाबुआनजवळ नेऊन कोल्ड ले-अपला, म्हणजे मशीन बंद करून, टाकायचं ठरवलं.

चालू मशीन झोपवायचं काम मला ते चालवण्यापेक्षा अवघड वाटलं. इंजिन रूममधली हवा कोरडी ठेवायला डीह्युमिडिफायर बसवले. दमटपणा 50 टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे, नाहीतर बेअरिंगपासून स्विचबोर्डपर्यंत सगळ्याला गंज धरतो. फनेलचं तोंड कॅनव्हासने बांधून टाकलं. दर आठवड्याला ल्युब ऑइल पंप लावून, सिलिंडरना हाताने तेल देऊन, टर्निंग गिअरवर इंजिन फिरवायचं आणि दर वेळी क्रँकशाफ्ट वेगळ्या जागी थांबवायचा, म्हणजे एकाच बेअरिंगवर एकाच जागी भार राहत नाही. माणसं निम्म्याहून कमी झाली. मोटरमन आणि फिटर घरी गेले, आणि सेकंड इंजिनियर स्वतः हातात ग्रीस गन घेऊन फिरू लागला. कंट्रोल रूममध्ये आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायला लागतो तेव्हा माणूस जरा चिडचिडा होतो. आम्ही झालो.

त्यातच 31 ऑगस्टला हानजिन शिपिंग कर्जात बुडून कोर्टात गेली. कोरियाची सर्वांत मोठी शिपिंग लाइन. त्यांची जहाजं बंदरात शिरेनात, कारण आत गेलं की घेणेकरी जप्ती आणणार किंवा टर्मिनल रोख मागणार. डबे भरलेले, आणि जहाजं समुद्रात ताटकळत. त्यांनी भाड्याने घेतलेली पनामॅक्स जहाजं हळूहळू मालकांकडे परत आली आणि आमच्याच रांगेत उभी राहिली. आम्ही सगळ्यांनी मनात जो हिशोब धरला होता, की हिवाळ्यानंतर बाजार सुधारेल, तो त्या आठवड्यात मोडला.

दुसरी गोष्ट सर्व्हेची. क्लासचा, म्हणजे जहाजाला दाखला देणाऱ्या संस्थेचा, स्पेशल सर्व्हे दर पाच वर्षांनी येतो आणि पंधराव्या वर्षाचा, म्हणजे तिसरा, महागडा. ड्राय डॉक, प्लेटची जाडी मोजणं, जिथे पातळ तिथे लोखंड बदलणं. सुपरिंटेंडेंटचा अंदाज दहा लाख डॉलरच्या घरातला होता. वर बॅलास्ट वॉटर कन्व्हेन्शनला लागणाऱ्या मंजुऱ्या नेमक्या 8 सप्टेंबर 2016 ला पूर्ण झाल्या. म्हणजे वर्षभरात तो नियम लागू, आणि बॅलास्ट शुद्ध करायची यंत्रणा बसवायचा खर्च पुढे उभा. दिवसाला दोन हजाराचा तोटा करणाऱ्या जहाजावर एवढा पैसा कोण लावेल? बँकेने तर नाहीच.

भंगाराचा भाव एलडीटीवर ठरतो, म्हणजे माल, तेल, पाणी काहीच नसलेल्या रिकाम्या जहाजाचं वजन. आमचं सतरा हजार टनांच्या आसपास. चीनचं स्वस्त पोलाद बाजारात ओतलं जात असल्यामुळे 2016 च्या सुरुवातीला भाव टनाला 300 डॉलरच्याही खाली गेला होता. म्हणजे अख्ख्या जहाजाचे पन्नास लाख डॉलर, फार तर थोडे वर. तरीही ते विकणंच शहाणपणाचं ठरत होतं. त्या वर्षी साडेसहा लाख टीईयूच्या आसपास कंटेनर जहाजं मोडीत निघाली, तोवरचा उच्चांक. त्यात आणि पुढच्या काही महिन्यांत दहा वर्षांच्या आतलीही होती, एखाददुसरं तर जेमतेम सात वर्षांचं.

मालक जहाज थेट यार्डाला विकत नाही. मध्ये कॅश बायर असतो. तो रोख देऊन जहाज विकत घेतो आणि पुढे यार्डाला विकतो. त्यांचा माणूस पाहणीला आला तेव्हा मी लॉगबुकं, लायनरची मापं, ओव्हरहॉलच्या नोंदी टेबलावर मांडून बसलो होतो. त्याने त्यातलं काहीही उघडलं नाही. विचारलं एवढंच: प्रोपेलर ब्राँझचा ना? स्पेअर टेलशाफ्ट आहे का? स्पेअर लायनर, पिस्टन किती? जनरेटरचे तास किती? जनरेटर सुटे विकले जातात, म्हणून त्याला त्यात रस. मुख्य इंजिन त्याच्या दृष्टीने वजनदार लोखंड.

हॅन्डओव्हरच्या दिवशी झेंडा उतरला आणि कोमोरोसचा चढला. पालाउ, कोमोरोस, सेंट किट्स, शेवटच्या प्रवासाचे झेंडे बहुतेक हेच. फळी लावून दोघांनी नावाची पुढची-मागची अक्षरं रंगाने बुजवली, मधली चार ठेवली, झालं नवं नाव. यात बेकायदा काही नाही. पण झेंडा बदलला की आधीच्या देशाचं जहाज मोडण्याबाबतचं बंधनही गळून पडतं, हा त्यातला खरा फायदा. युरोपने 2018 अखेरपासून आपल्या झेंड्याची जहाजं आपल्या यादीतल्या यार्डांतच मोडायची सक्ती केली, आणि पळवाट तीच राहिली.

आता तरुणांसाठी कामाचं. मालक बदलला की तुमचा जुना करार संपतो. आधीच्या कंपनीकडून त्या दिवसापर्यंतचा पगार, रजेचे पैसे, ओव्हरटाइम, सगळा हिशोब हॅन्डओव्हरच्या आत पूर्ण करून घ्या. नंतर विचारायला कोणी उरत नाही. शेवटच्या प्रवासासाठी थांबायला सांगितलं तर नवा करार लेखी हवा आणि त्यात घरी पाठवायचा खर्च कोणाचा हे लिहिलेलं हवं. आम्हाला नव्या मंडळींनी आधी फक्त तोंडी आश्वासन दिलं होतं. आम्ही कॅप्टनमार्फत सांगितलं, करार आल्याशिवाय नांगर उचलणार नाही, आणि पगार जहाज किनाऱ्यावर चढवायच्या आधी खात्यात हवा. दोन्ही मिळालं. तेव्हा खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर विम्याची सक्ती नव्हती. ती एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या दुरुस्तीने 18 जानेवारी 2017 पासून आली, त्यात चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळू शकतो. जॉइन होताना ते सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय का ते बघा.

जहाज जागं करताना दमछाक झाली. उष्ण कटिबंधातल्या पाण्यात महिनोन् महिने उभं राहिलेलं जहाज खाली पूर्ण शेवाळतं, त्यावर बार्नॅकल चढतात. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या सी चेस्टचा स्ट्रेनर उघडला तर जाळी दिसतच नव्हती. शिंपल्यांचा एकजीव गोळा, आणि असा वास की थर्ड इंजिनियर शिडीवरूनच परत फिरला. बादल्या भरभरून काढलं. बंद पडलेल्या मोटरींचं इन्सुलेशन मेगरवर तपासलं, दोन पंपांच्या मोटरी हॅलोजन दिवे लावून सुकवाव्या लागल्या. इंजिन मात्र पहिल्याच किकला सुरू झालं. सेकंड म्हणाला, "चीफसाब, याला अजून दहा वर्षं काही होत नाही." मी काही बोललो नाही.

24 नॉट्सच्या डिझाइनचं जहाज, खाली साठलेल्या घाणीमुळे अकरा-बारावर रडत होतं. कॅश बायर तेल मोजून मापून देतो, कारण उरलेलं तेल त्याचं नुकसान. आम्ही घाण लक्षात घेऊन जास्त बंकर लेखी मागितलं, चार ईमेलनंतर मिळालं. यात संकोच करू नका. तेल संपलं तर समुद्रात तुम्ही असता.

भावनगरच्या अँकरेजला पोचलो तरी लगेच किनाऱ्याला लागता येत नाही. कस्टम्स, गुजरात मेरिटाइम बोर्ड, प्रदूषण मंडळ यांच्या तपासण्या, टाक्या गॅस-फ्री असल्याचे दाखले, धोकादायक वस्तूंची यादी. सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा कराराची नव्या अ‍ॅस्बेस्टॉसवरची बंदी जुलै 2002 ची, जहाज त्याआधीचं, त्यामुळे गॅस्केट आणि लॅगिंगमध्ये ते असणार असं धरूनच यादी केली. ते काढणाऱ्या मजुरांना आमच्या यादीचा किती उपयोग झाला असेल, याबद्दल मला शंका आहे. किनाऱ्यावरच्या काही मोडणीच्या प्लॉटांनी तेव्हा नुकतेच जहाजं सुरक्षित मोडण्याबाबतच्या हाँगकाँग कन्व्हेन्शनप्रमाणे दाखले मिळवले होते. ते कन्व्हेन्शन 2009 मध्ये तयार झालं आणि प्रत्यक्षात लागू व्हायला 26 जून 2025 उजाडलं. आता अशी यादी अद्ययावत असल्याशिवाय जहाज मोडायला घेता येत नाही.

कागद झाले की उधाणाची वाट. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणूनच 1983 पासून हा धंदा तिथे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीत जहाज चढवायचं, ओहोटीला ते कोरड्यावर. चीफ ऑफिसरने बॅलास्ट पुढून उपसून मागे भरला, नाक हलकं केलं. प्लॉटची जागा निशाणांनी दाखवलेली असते आणि प्रवाह आडवा ओढतो, त्यामुळे वेग कमी ठेवून चालत नाही.

मी कंट्रोल रूममध्ये होतो, बाहेरचं काही दिसलं नाही. ब्रिजवरून फुल अहेड आलं, मी वेग हळूहळू वाढवणारा लोड-अप प्रोग्राम बायपास केला आणि आरपीएम चढू दिले. सगळ्या आयुष्यात इंजिनाला जपायला शिकलेलो, आणि आता अलार्म वाजतात ते वाजू द्यायचे. धक्का असा बसलाच नाही. पायाखालची थरथर जाड झाली, कप टेबलावरून सरकला, आणि वेग उतरत गेला. ब्रिज अजून फुल अहेडच म्हणत होता, जितकं वर चढेल तितकं यार्डाला बरं. मग सी वॉटर पंपाचं प्रेशर डोलायला लागलं. चिखल ओढला जात होता. सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधल्या पाण्याचं तापमान भराभर चढलं. स्टॉप आला. थोड्या वेळाने जनरेटर तापून ट्रिप झाला, अंधार, आणि काही सेकंदांत वरचा इमर्जन्सी जनरेटर आपणहून सुरू झाला. तो रेडिएटरवर थंड होतो, त्याला समुद्र लागत नाही. तो आम्ही दिवे आणि शिडीसाठी ओहोटीपर्यंत चालू ठेवला.

ओहोटीला शिडीवरून उतरलो, गुडघाभर चिखलातून चालत किनारा गाठला. इमिग्रेशन, सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकावर, साइन-ऑफचा शिक्का, पैसे जमा झाल्याचा मेसेज.

आमच्याच मालिकेतलं, त्याच यार्डात बांधलेलं एक जहाज 2003 चं होतं. इंजिन तेच, रुंदी तीच, हालत आमच्यापेक्षा वाईट. फक्त त्याचा पंधराव्या वर्षाचा सर्व्हे 2018 मध्ये पडत होता, म्हणून मालकाने ते 2016 मध्ये विकलं नाही, फुकट्यासारखं भाड्यावर फिरवत ठेवलं. 2021 मध्ये कोविडनंतर डब्यांना जागा मिळेना, कंटेनर जहाजं भंगारात जाणं जवळपास थांबलं, आणि त्या आकाराच्या जहाजांचं भाडं दिवसाला एक लाख डॉलरच्या आसपास गेलं. ते जहाज तेव्हा अठरा वर्षांचं होतं, आणि चार्टरर त्याच्यासाठी रांगेत होते.