नागपूरचा उन्हाळा अन् आपला मोबाईल-लॅपटॉप, नवीन घ्यायच्या आधी हे करून पाहा

मे महिना लागला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, बॅटरी टिकून नाही राहिली, फोन हँग होऊन राहिला, बर्डीच्या बाजारात जाऊन नवीनच घेऊन टाकू का? माझं उत्तर दरवेळी एकच असतं, थांबा भाऊ, आधी त्या फोनला गरमीतून बाहेर काढा. कारण आपल्याकडे निम्मे फोन वयामुळे म्हातारे होत नाहीत, उन्हामुळे होतात, असं माझं पक्कं मत आहे.

आता हे पाहा. मोबाईलची बॅटरी असते लिथियम-आयनची. ॲपल स्वतः सांगतं की फोन 0 ते 35 डिग्रीच्या हवेत वापरा, अन् जिथे 45 च्या वर तापमान जातं अशा ठिकाणी, म्हणजे उन्हात उभ्या कारमध्ये वगैरे, तो बंद करूनही ठेवू नका. बाकी कंपन्यांचे आकडेही साधारण असेच. अन् आपल्या इथे मे महिन्यात पारा 44-45 ला सहज जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ तापत्या दिवसांत तर बोलायलाच नको, म्हणजे दुपारी नुसतं रस्त्यावर निघालं तरी फोन त्याच्या मर्यादेबाहेर गेला. गरमी वाढली की बॅटरीच्या आतली केमिकल रिॲक्शन जोरात चालते आणि तिची क्षमता जी कमी होते ती कायमची, पुन्हा थंड केली म्हणून परत येत नाही. त्यातही बॅटरी 100 टक्के भरलेली असताना तापली तर नुकसान जास्त होतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचे फोन पाहिले का कधी? दुपारची वेळ, वर्धा रोड, स्कूटीच्या हँडलला फोन लावलेला, वरून ऊन, मॅप चालू, ब्राइटनेस फुल, नेट चालू अन् खालून पॉवरबँकची वायर. सगळी गरमी एकाच जागी गोळा. मग काय होतं, आधी स्क्रीन आपोआप अंधूक होते, आपण ब्राइटनेस वाढवतो तर वाढत नाही, मग चार्जिंग थांबतं किंवा एकदम हळू होतं, कॅमेऱ्याचा फ्लॅश चालत नाही, अन् तरी ऐकलं नाही तर फोन थंड होऊ द्या असा मेसेज येऊन सगळंच बंद. लोकांना वाटतं फोन बिघडला. बिघडला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो. अशा वेळी सावलीत थांबा, वायर काढा, कव्हर काढा, नेट थोडा वेळ बंद करा, पाच-दहा मिनिटांत तो ताळ्यावर येतो. फ्रीजमध्ये मात्र चुकूनही ठेवू नका, एकदम थंड झाल्यावर बाहेर काढला की हवेतली वाफ आत जमते आणि मग खरंच आतल्या सर्किट बोर्डाचं काम निघतं. ज्यांना रोज उन्हात फिरावंच लागतं त्यांनी घरी वायफायवर आपल्या भागाचा मॅप ऑफलाइन डाउनलोड करून घ्यावा, म्हणजे नेटचा ताण कमी पडतो, अन् रस्ता ओळखीचा असेल तर फोन खिशात टाकून आवाजावर मॅप चालवावा.

चार्जिंगचं म्हणाल तर उन्हाळ्याचे तीन-चार महिने तरी 80 टक्क्यांवर थांबायची सवय लावा. आयफोन 15 पासून पुढच्या फोनमध्ये 80 टक्क्यांची लिमिट सेटिंगमध्येच आहे, सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन नावानं आहे, बाकी अँड्रॉइडमध्येही बॅटरीच्या सेटिंगमध्ये शोधा, बहुतेक सापडतं. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून काम करत असाल तर त्यालाही हेच लागू, लेनोवोमध्ये व्हँटेज ॲप असतं, आसुसमध्ये माय-आसुस, त्यात चार्जिंग 80 च्या आसपास थांबवायची सोय असते. एकदा करून ठेवलं की विसरून जा. अन् उशीखाली, गादीवर फोन चार्जिंगला लावणं बंद, हे मी पोटतिडकीनं सांगून राहिलो.

अजून एक गोष्ट. महालात, इतवारीत जुन्या जाड भिंतींची घरं आहेत, आतल्या खोलीत रेंज येत नाही. रेंज कमी असली की फोन टॉवर पकडायला जास्त जोर लावतो, बॅटरी उतरते आणि काही न करता फोन गरम लागतो. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल करायची सोय चालू करा, बहुतेक फोनमध्ये सेटिंगमध्ये सिमच्या किंवा नेटवर्कच्या इथेच असतं. आवाजही साफ येतो.

लॅपटॉपवाल्यांनो, कूलर. आपल्याकडे प्रत्येक घरात असतोच अन् माणसं लॅपटॉप घेऊन नेमकी त्याच्या तोंडासमोर बसतात. कूलरच्या हवेत ओल असते, पॅडवर पाणी जास्त पडलं की बारीक तुषारही उडतात, ते कीबोर्डमधून आत जातात. बाजूला बसा, खोली थंड झाली तरी लॅपटॉपला तेवढं पुरतं. आणि तो टेबलावर ठेवा, गादीवर ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात, पंखा गरगर फिरतो पण हवा आत जायला जागाच नाही, अन् तापलेला प्रोसेसर स्वतःहून स्पीड कमी करतो. दोन-तीन वर्षं झाली असतील तर एकदा चांगल्या माणसाकडून आतली धूळ काढून घ्या, प्रोसेसरची गरमी बाहेर काढायला मदत करणारी थर्मल पेस्ट नवी लावून घ्या, घरीच ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं काडीनं अडवून ठेवा, मोकळं सोडलं तर ते नको तेवढ्या वेगानं फिरून खराब होऊ शकतं.

आता स्लो लॅपटॉप. बरेच जण म्हणतात मी तर रोज शटडाउन करतो तरी अडकतो. विंडोज 10 आणि 11 मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची गोष्ट बहुतेक लॅपटॉपवर चालू असते, त्यामुळे शटडाउन केलं तरी विंडोजचा आतला भाग पूर्ण नव्यानं सुरू होत नाही, जसा होता तसा जपून ठेवला जातो. रिस्टार्ट केलं तर मात्र सगळं खरंच नव्यानं सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी रिस्टार्ट. मग कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअपमध्ये जाऊन जे लागत नाही ते डिसेबल करा, अँटिव्हायरस सोडून. एवढं करूनही रखडत असेल अन् आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क टाका. नव्या लॅपटॉपपेक्षा किती तरी स्वस्तात काम होतं, मी जुन्या मशिनीसाठी याच्याइतका चांगला खर्च दुसरा पाहिला नाही.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे फुकट मिळणारे सुरक्षेचे अपडेट मात्र 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून मशीन चालत असेल तर आधी तपासा 11 वर जातं का, नसेल जात तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून पाहा, ब्राउझिंग अन् टायपिंगपुरतं झकास चालतं.

स्टोरेज फुल झाल्याचं दुखणं तर घरोघरी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडा, 5 एमबीपेक्षा मोठ्या अन् खूपदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या दिसतात, निवडा आणि उडवा. ऑटो डाउनलोड बंद करा. गुगलचे फुकट 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह अन् फोटो मिळून असतात हेही लक्षात असू द्या.

अन् ज्या गोष्टीचा मला सगळ्यात आनंद आहे ती म्हणजे मराठीत बोलून टाइप करणं. आमच्या मावशीला सोसायटीची नोटीस लिहायची असते, की-बोर्डवर जोडाक्षरं शोधता शोधता ती वैतागायची. जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली, माइकचं चिन्ह दाबलं अन् म्हटलं बोल. "पाण्याची टाकी साफ करायची असल्यानं उद्या सकाळी नळ येणार नाही" हे तिनं म्हटलं अन् अक्षर अन् अक्षर स्क्रीनवर. पूर्णविराम हातानं द्यावा लागला, एक-दोन शब्द दुरुस्त केले, बस. आता ती भाजीची यादीही अशीच करते, सांभार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू सगळं बरोबर येतं. कंप्युटरवर टाइप करायचं तर विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, भाषेच्या सेटिंगमधून जोडा, namaste सारखं रोमन अक्षरांनी मारायचं, नमस्ते उमटतं. हे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत लिहिलं जातं, ते कुठंही उघडतं, जुन्या फॉन्टसारखी भलतीच अक्षरं दिसत नाहीत. अन् विंडोजचं बटण आणि व्ही दाबून पहिल्यांदा चालू करून घ्या, कॉपी केलेल्या मागच्या 25 गोष्टी तिथे मिळतात, एकेक फॉर्म भरणाऱ्यांना तर हे वरदान आहे.

शेवटचं, लाइट जाण्याबद्दल. दुपारी लाइट गेली की राउटर बंद, मीटिंग बंद. राउटरसाठी छोटा 12 व्होल्टचा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर तो चालू ठेवणारा बॅटरीचा डबा मिळतो, घेताना आपल्या राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट अन् किती अँपिअर लिहिलंय ते वाचून त्याच मापाचा घ्या, सगळ्यांचे 12 नसतात. अन् मे-जूनमध्ये संध्याकाळी आभाळ भरून गडगडायला लागलं की राउटर, लॅपटॉपचा चार्जर, टीव्ही, सगळ्यांच्या पिना काढून ठेवा, राउटरला तांब्याची केबल येत असेल तर तीसुद्धा, कारण वीज जवळ पडली तर ती त्या वायरनंही आत येते.