मॅलमची वहिवाट

स्किप्टन सोडून गाडी इंग्लंडच्या यॉर्कशर डेल्समधल्या मॅलम गावाकडे वळली आणि दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींनी रस्ता इतका आवळला की, समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा भाड्याची ती गाडी मला बरेच अंतर उलटी न्यावी लागली. मागे बसलेल्या आईला माझ्या तारांबळीपेक्षा त्या भिंतींचेच अप्रूप अधिक होते. "अरे, हे तर आपले गडगे!" ती म्हणाली.

तिचे म्हणणे खरेच होते. आमच्या रत्नागिरीकडच्या गडग्यांत जांभा असतो आणि इथे करडा-पांढरा चुनखडक, पण चुना-सिमेंटावाचून दगडावर दगड बसवण्याची रीत तीच. एका ढासळलेल्या जागी भिंतीचे पोटच उघडे पडले होते, म्हणून आम्ही थांबून नीट पाहिले. दगडांचे दोन पदर वर जाताना एकमेकांकडे कलत जातात, मधल्या पोकळीत बारीक कपच्या ठासलेल्या असतात, मधूनमधून एखादा लांब दगड दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवतो आणि सर्वांत वर उभे दगड दाटीने लावलेले असतात. यांतल्या बऱ्याच भिंती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामाईक चराऊ रानांची वाटणी झाली, त्या काळच्या आहेत.

दुसऱ्या दिवशी पायी निघालो तेव्हा खरी अडचण आली. पिवळ्या बाणाची पाटी आम्हाला थेट कोणाच्या तरी कुरणात जा म्हणत होती. तिथे काळ्या तोंडाच्या, पाठीवर रंगाचे ठिपके असलेल्या मेंढ्या चरत होत्या आणि पलीकडे शेतकऱ्याचे घर दिसत होते. दुसऱ्याच्या जमिनीत न विचारता कसे शिरायचे, म्हणून आम्ही चौघे फाटकाशी घुटमळत उभे राहिलो. तेवढ्यात चारचाकी मोटारसायकलवरून, मागे कुत्रा बसवून, शेतकरीच आला. आम्ही वाट विचारली, तर त्याने बाणाकडे हात केला आणि जाताना फाटक लावून घ्या, एवढेच सांगितले.

आमच्या गावी दुसऱ्याच्या आवारातून जाणाऱ्या वाटेवरून भावाभावांत दावे लागतात आणि ते नातवंडांपर्यंत चालतात. त्यामुळे जमीन एकाची आणि चालण्याचा हक्क सर्वांचा, ही गोष्ट पचायला मला वेळ लागला. हा हक्क इथेही आपोआप टिकलेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या बंदी असलेल्या पठारावर शेकडो लोक मुद्दाम चालून गेले आणि त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९च्या कायद्याने अशा वाटांची नकाशावर रीतसर नोंद करणे स्थानिक प्रशासनाला बंधनकारक झाले. आपल्याकडची वहिवाट इथे कागदावर पक्की झाली आहे, असे मी आईला सांगितले. "मग कोर्टातल्या वकिलांचं कसं चालतं?" तिने विचारले.

वाटेत काही ठिकाणी फाटकाऐवजी भिंतीतच एक अरुंद फट ठेवलेली असते, खाली चिंचोळी आणि वर किंचित रुंद. माणूस अंग चोरून निघतो, गुरे अडतात. आमच्याकडच्या बेड्यातले, म्हणजे आवाराच्या फाटकातले, आडवे बांबू हेच काम करतात. मुलगी त्यातून चार वेळा उगाचच ये-जा करून आली. मी पाठीवरच्या पिशवीसकट अडकलो.

मॅलम कोव्हचा सुमारे ८० मीटर उंचीचा कडा छायाचित्रांत पाहिला होता, तरी पायथ्याशी उभे राहिल्यावर बोलणे थांबले. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यावरून कोसळत असे. आता कड्याच्या बुडातून एक निवांत ओढा निघतो. माथ्यावर चुनखडकाची फरसबंदी पसरली आहे आणि पावसाने झिजवलेल्या तिच्या भेगांत, वाऱ्यापासून लपून, नेचे वाढलेले आहेत.

संध्याकाळ मात्र संपता संपेना. जून महिना होता. साडेनऊ वाजून गेले तरी ऊन भिंतींवर रेंगाळत होते. तिन्हीसांजेला दिवा लावण्याचा नेम आईने घड्याळाकडे पाहून सात वाजताच, लख्ख उन्हात, पार पाडला आणि नातीसह शुभंकरोती म्हटली. त्या उजेडाचा भरवसा धरून आम्ही जेवायला उशिरा बाहेर पडलो, तर पबचे स्वयंपाकघर बंद झालेले! शेवटी मेतकूट-भातावर भागवले.

परतीच्या सकाळी सामान भरून गाडी सुरू केली, एवढ्यात आईने मला खाली उतरवले. घराच्या आवाराचे फाटक नीट लागले आहे की नाही, ते तिला पाहून हवे होते.