रातांबे, हेडफोन आणि फुकटच्या गोष्टी

मे महिन्यात आमच्याकडे वेंगुर्ल्याला रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं काम निघालं की दिवसभर हात लाल आणि चिकट असतात, फोनला हात लावायची सोय नाही, आणि रेंज म्हणाल तर खळ्याच्या एका कोपऱ्यात, तीही वाऱ्याच्या मर्जीवर. साली एका टोपात, गर आणि बिया दुसऱ्या टोपात, असं तीन-तीन तास चालतं. त्यात मला कानात गोष्टी ऐकायची सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही. परवा एका मित्राने विचारलं की विज्ञानकथा, भयकथा, फँटसी असलं इंग्रजीतलं वाचायचंय पण पुस्तकं महाग, काय करू? अरे बाबा, चांगल्यातल्या चांगल्या गोष्टी फुकट पडल्यात आणि त्याही कायदेशीर, टेलिग्रामवरच्या चोरीच्या पीडीएफ कशाला हव्यात.

मी सुरुवात केली क्लार्क्सवर्ल्ड या इंग्रजी विज्ञानकथांच्या ऑनलाइन मासिकापासून. २००६ पासून दर महिन्याला निघतं, अंक अख्खा वेबसाइटवर वाचायला मोकळा आणि कथांचं ऑडिओही फुकट. माझ्यासारख्या मराठी मीडियमवाल्याला याचा खरा फायदा म्हणजे ऐकता ऐकता समोर मजकूर उघडून ठेवता येतो. पहिले काही महिने मी तसंच केलं, स्पीड थोडा कमी करून. एखादा शब्द कानाला कळला नाही तर डोळ्याला कळतो, आणि डोळा अडला तर वाचणाऱ्या बाईच्या सुरावरून कळतं की इथे काहीतरी भानगड आहे. तिथल्या बऱ्याचशा कथा केट बेकर वाचते, तिच्या आवाजाची इतकी सवय झालीये की दुसरं कोणी वाचायला लागलं की उगाच परकं वाटतं.

नुसतं ऐकायचं असेल तर तीन भावंडं आहेत, तिन्ही कथांचे पॉडकास्ट. एस्केप पॉड २००५ चं, विज्ञानकथा. स्यूडोपॉड २००६ चं, भयकथा. पॉडकॅसल २००८ चं, फँटसी. एपिसोड साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा. मी पॉडकास्ट ऐकायला अँटेनापॉड हे ॲप वापरतो, तेही फुकट आणि जाहिराती नाहीत, बाजारात गेलो की तिथल्या रेंजवर आठ-दहा एपिसोड डाउनलोड करून घेतो आणि घरी आल्यावर नेट गेलं काय, लाईट गेली काय, फरक पडत नाही. पावसाळ्यात तर हे तांदूळ भरून ठेवण्याइतकंच महत्त्वाचं.

वाचायलाच हवं असेल तर स्ट्रेंज होरायझन्स हे ऑनलाइन नियतकालिक, २००० पासून, दर आठवड्याला. कधीकधी तिथली कथा दोनदा वाचूनही डोक्यावरून जाते, तो माझा दोष की कथेचा ते ठरवायचं मी सोडून दिलंय. अनकॅनी हे तसलंच दुसरं, दर दोन महिन्यांनी येतं, अर्धा अंक लगेच मोकळा करतात आणि उरलेला महिनाभराने, म्हणजे थांबायची तयारी असली की झालं. जुनं हवं असेल तर लिब्रिव्हॉक्स ही वेबसाइट, कॉपीराइट संपलेली पुस्तकं हौशी लोक वाचून टाकतात, आवाज नशिबावर. मराठीत ई-साहित्य प्रतिष्ठानच्या पीडीएफ फुकट मिळतात, पण मराठी विज्ञानकथा फुकट ऐकायला मिळणं अजून कठीणच, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण आपल्या कोकणात ऐकायची सवय सगळ्यांना आहे, ऐकवणारेच कमी झालेत.

फुकट म्हणजे लेखक उपाशी असं नाही हां. ही सगळी मासिकं लेखकाला शब्दाला पैसे देतात, ते वर्गणीदार आणि देणगीदारांच्या जिवावर. म्हणूनच सगळीकडून कथांचा पूर येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर एआयने पाडलेल्या कथा इतक्या यायला लागल्या की क्लार्क्सवर्ल्डला काही दिवस कथा घेणंच बंद ठेवावं लागलं. परवडत असेल तर वर्षातून एकदा वर्गणी भरा. मी दोन वर्षं फुकट ऐकून मग भरली, थोडी लाज वाटली म्हणून.

आता आजीची गंमत. एकदा हेडफोन चार्ज नव्हता म्हणून फोन खळ्यातल्या लाकडी पेटीवर ठेवून स्पीकरवर भयकथा लावली, एक संपली की पुढची आपोआप सुरू, आणि हात बरबटलेले म्हणून बंदही करता येईना. आजी माझ्यासमोर बसून रातांबे फोडत होती, तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. थोड्या वेळाने म्हणते, "कोण बोलता रे थंय? इतक्या हळू कित्याक बोलता?" मग मी सांगितलं, एक माणूस रानात वाट चुकलाय, कितीही चालला तरी फिरून फिरून त्याच झाडापाशी येतोय. आजीने सुरी खाली ठेवली. "चकवो लागलो मेल्याक. गप एका जाग्यार बसान रवाचा मा!"

गोष्टीतला माणूस काही बसला नाही, आणि जे व्हायचं ते झालं. आजी हसली, म्हणाली सांगितलेलं ऐकत नाहीत. तेव्हापासून दुपारी स्पीकरच लावायचा असं ठरलंय, मी मधेमधे पॉझ करून मालवणीत सांगतो आणि ती शेवट आधीच ओळखते, भुताच्या गोष्टीत तरी दहातल्या सात वेळा. अंतराळातल्या गोष्टींत तिला रस नाही. पण काल क्लार्क्सवर्ल्डची एक कथा लावली, ती वाचणारा कोणी पुरुष होता, तर आजीने हातातली साल टोपात टाकली आणि विचारलं, "ती बाय खंय गेली रे आज?"