भाद्रपदाच्या आधीचे काम

नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटले की कोणती प्रेस, असे कोणी विचारत नाही. १९२८ पासून जिथे नोटा छापल्या जातात, त्या प्रेसमध्ये माझी सगळी नोकरी कागद तपासण्यात गेली. छापलेला ताव उजेडात धरायचा, दोष दिसला की बाजूला काढायचा आणि शेवटच्या तावाचा हिशेब जुळल्याखेरीज जागा सोडायची नाही, ही सवय अंगात इतकी मुरली होती की निवृत्तीनंतर मी घरातल्या किराण्याच्या पावत्या तपासू लागलो. बायकोने काही महिने ते सोसले आणि मग, “अहो, तुमच्या तपासणीला बाहेर कुठेतरी गिऱ्हाईक शोधा,” असे स्पष्ट सांगून टाकले.

गिऱ्हाईक घराजवळच मिळाले. जेल रोडवरच्या आमच्या गल्लीत समोरच्या इमारतीत राहणारी एक तरुणी सातपूरच्या कारखान्यात नोकरी करते आणि नोकरीच्या आधी व नंतर गल्लीतल्या कुत्र्यांचे पाहते. निर्बीजीकरणासाठी आणि लसीसाठी कुत्रे पकडणारी महापालिकेची गाडी येते ती सकाळी, आणि नेमकी तेव्हा ती कंपनीच्या बसमध्ये असते. कोणता कुत्रा नेला, कोणता परत आला, कोणाला लस झाली आणि कोणाची राहिली, याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. “काका, तुम्ही फक्त वही ठेवाल का?” असे तिने विचारले आणि मी होकार दिला तो वहीसाठी, कुत्र्यांविषयी मला तोवर ना प्रेम होते ना राग.

वही आखण्यापासून सुरुवात केली. रंग, नर की मादी, अंदाजे वय, बसण्याची ठरलेली जागा, कानाला खाच आहे की नाही, रेबीजच्या लसीची तारीख, आणि शेवटी शेरा. खाच हा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाचा छोटा तुकडा भुलीतच कापतात आणि पुढे आयुष्यभर तीच त्याची पावती असते. ती नसेल तर एकाच मादीला दुसऱ्यांदा पकडून टेबलावर घेण्याची वेळ येऊ शकते. रकाने भरण्यासाठी प्रत्येक कुत्रा नीट पाहावा लागला आणि पाहता पाहता असे लक्षात आले की, इतकी वर्षे ज्यांना मी नुसते ‘गल्लीतली कुत्री’ म्हणत होतो, त्यांपैकी प्रत्येकाची हद्द, मैत्री आणि वैर ठरलेले आहे. गिरणीसमोरचा काळा कुत्रा मेडिकल दुकानापलीकडे कधीही पाऊल टाकत नाही. त्याला तिथून उचलून दूर नेऊन सोडले असते तर त्या रिकाम्या हद्दीत बाहेरची, लस नसलेली कुत्री शिरली असती. नियमांनुसार कुत्रा सहसा जिथून उचलला तिथेच परत सोडावा लागतो, त्यामागचे व्यवहारी कारण मला कायद्याच्या कागदापेक्षा या काळ्यामुळे आधी समजले.

कामाचे वेळापत्रक मात्र पंचांगाने शिकवले. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण त्याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे भाद्रपदात राहिलेली पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात, निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येऊ लागतात नेमकी तेव्हा. पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, आणि गाडीखाली किंवा गटाराच्या कडेला जन्मलेली निम्मी पिल्ले पौष पाहत नाहीत असे आमच्या गल्लीचे तरी चित्र होते. जी वाचतात ती वैशाख-ज्येष्ठात सहा महिन्यांची होतात. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे त्याआधी त्यांना शस्त्रक्रियेसाठी नेता येत नाही, आणि भाद्रपद आला की त्यांतल्या माद्या स्वतःच माजावर येऊ शकतात. म्हणजे हाताशी उरतात ते ज्येष्ठापासून श्रावणापर्यंतचे दिवस. तेवढ्यात जमेल तितक्या माद्यांचे काम उरकले तर पुढची थंडी सुसह्य होते. हे गणित वहीच्या मागच्या पानावर मांडले त्या दिवशी, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, पुढच्या वर्षी मला नेमके काय करायचे आहे ते मला ठाऊक होते.

कुत्र्यांच्या जवळ जाण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने मी रेबीजची प्रतिबंधक लस घेतली. चावण्याआधी घ्यायच्या या लसीचे तीन डोस असतात: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. ती घेतलेल्या माणसाला पुढे कधी कुत्रा चावलाच तर दोन डोस पुरतात आणि जखमेत द्यावे लागणारे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे महागडे इंजेक्शन, लागत नाही. या कामात उतरू पाहणाऱ्याला मी आता वही देण्याआधी याबद्दलच विचारतो.

कुत्रा वाचायला मला शिकवले ते गाडीवरच्या कुत्रे पकडणाऱ्या मुलाने. त्याचे शिक्षण फार नाही, पण कोणता कुत्रा घाबरून दात दाखवतो आहे आणि कोणता खरोखर तुटून पडणार आहे, हे तो लांबूनच ओळखतो. “काका, आधी खाली बसा, आणि त्याच्या डोळ्यात बघू नका,” हा त्याचा पहिला धडा. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश असतोच असे नाही. ताठ उभी राहून झपझप हलणारी शेपूट हा तणाव असतो. काही कारण नसताना जांभई देणे, नाक-ओठ चाटणे, तोंड बाजूला वळवणे, या सगळ्याचा अर्थ ‘थोडे मागे सरका’ असा घ्यायचा. आणि गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधीही मारायचे नाही, कारण गुरगुरणे ही त्याची सूचना असते; मार खाऊन सूचना देणे सोडलेला कुत्रा थेट चावतो. मला यातले सर्वांत अवघड गेले ते सावकाश हलणे. माझा आवाज चढा, चाल घाईची, आणि घरातले सगळे वर्षानुवर्षे त्याला सरावलेले. कुत्री सरावत नाहीत. आवाज चढला की ती उठून जातात आणि त्या दिवशीचे काम बुडते. तेव्हा आवाज उतरवण्याखेरीज मार्ग नव्हता, आणि तो उतरल्याचे माझ्याआधी बायकोच्या लक्षात आले.

भुरी नावाच्या मादीने आमची खरी परीक्षा घेतली. ती अंगावर पाजत होती तोवर तिला उचलायचा प्रश्नच नव्हता, आणि पिल्ले सुटी झाल्यावर ती गाडीचा आवाज ओळखू लागली. गाडी बिटको चौकाच्या बाजूने वळली की ही भिंतीपलीकडे. शेवटी निर्बीजीकरण केंद्रातून लोखंडी पिंजरा आणून तो रोजच्या जेवणाच्या जागेशेजारी नुसता उघडा ठेवला. आधी पिंजऱ्याच्या बाहेर खाणे, मग दाराशी, मग आत, असा क्रम होता, आणि प्रत्येक पायरीवर मी दूर कट्ट्यावर पाठ फिरवून बसायचो. ती आत जाऊन निवांत खाऊ लागल्यावर दार पाडायचा दिवस ठरवला. त्यात एक अडचण अशी की, भुलीआधी पोट रिकामे हवे असते, म्हणून आदल्या संध्याकाळी तिला कोणीच काही घालता कामा नये. गल्लीतल्या ज्या आजी रोज रात्री दूध-पोळी घालतात त्यांना हे पटवणे पिंजऱ्याच्या कामापेक्षा कठीण गेले. “उपाशी ठेवून पकडून देता, पाप लागेल,” असे त्या म्हणाल्या. मी त्यांना मागच्या मार्गशीर्षातल्या पिल्लांची वहीतली नोंद वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री त्यांनी दूध घातले नाही.

खाण्यापिण्याबाबत नाशिककरांना एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. आपल्या जिल्ह्याचे नाव ज्यांच्यामुळे देशभर झाले ते कांदा आणि द्राक्षे हे दोन्ही कुत्र्यांना घातक आहेत. कांद्यामुळे त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो की रश्शात शिजलेला. द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्याने होतील याचा भरवसा देता येत नाही. उरलेली मिसळ, बिर्याणी, रस्सा मायेने कुत्र्यापुढे टाकणारी घरे आमच्याकडे पुष्कळ होती. साधा भात, बिनमसाल्याचे मांस किंवा अंडे आणि स्वच्छ पाणी एवढे पुरते, हे मी दारोदार सांगत फिरलो. प्रेसमध्ये शेजारच्या टेबलावरच्या माणसाशीही कामापुरते बोलणारा मी असे काही करेन, हे कोणी आधी सांगितले असते तर माझा स्वतःचाच विश्वास बसला नसता.

ज्यांना कुत्री नको आहेत त्यांच्याशी बोलणे अधिक महत्त्वाचे होते. शेजारच्या अपार्टमेंटमधील एका गृहस्थांच्या मुलीला पूर्वी कुत्रा चावला होता आणि त्यांचा राग अगदी रास्त होता. अशा माणसाला भूतदया ऐकवणे मला अजूनही उद्धटपणाचे वाटते. मी त्यांना गल्लीतल्या लसींच्या तारखा दाखवल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार किमान ७० टक्के कुत्र्यांना लस असली तर रेबीजची साखळी तुटते, आणि आमची वही त्या आकड्याच्या किती जवळ आहे, हे त्यांनी स्वतः मोजून पाहिले. कुत्रा चावल्यास जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची, त्यावर तिखट, चुना किंवा हळद लावायची नाही आणि उशीर न करता दवाखाना गाठायचा, ही माहिती मी गल्लीत ठिकठिकाणी लावली, तेव्हा कागद चिकटवायला तेच सोबत आले. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, अशा जुन्या धास्तीने दवाखाना टाळणारे लोक अजून भेटतात; आता ती दंडात देतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयीचे आदेश आले आणि आमच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप पेटले. दोन्ही बाजू अर्धवट मथळे फिरवत होत्या. बैठक बोलावली गेली, तेव्हा मी २२ ऑगस्टच्या आदेशाचा सार लिहून नेला होता: निर्बीजीकरण, लस आणि जंतनाशक झालेली कुत्री त्याच भागात परत सोडायची, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक असलेली मात्र सोडायची नाहीत, आणि खाणे नेमून दिलेल्या जागीच घालायचे. शेवटचा मुद्दा कुत्र्यांच्या बाजूच्या लोकांना आवडला नाही, मला तो पूर्ण मान्य आहे. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, पाण्याच्या टाकीमागे आम्ही वेळ आणि जागा ठरवली, आणि दुचाकींमागे धावण्याच्या तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. नोव्हेंबरमधल्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतली कुत्री परत तिथे न सोडण्याचे बंधन आले, तेव्हा शाळेच्या कुंपणाशी राहणाऱ्या दोघांसाठी घरे शोधायला लागलो. एकाला देवळालीत घर मिळाले आहे, दुसऱ्याचे वय पाहून लोक नको म्हणतात.

या वर्षीच्या यादीत मागच्या हिवाळ्यात वाचलेल्या तीन माद्या आहेत आणि तिघींचेही सहा महिने ज्येष्ठाच्या सुरुवातीला भरतात. केंद्राला पत्र दिले आहे, आजींना उपासाची तारीख आधीच कळवली आहे, आणि कुत्रा चावलेल्या त्या मुलीचे वडील यंदा गाडीबरोबर स्वतः फिरणार आहेत. त्यांच्या लसीचा तिसरा डोस तेवढा राहिला आहे; तो झाला की पलीकडच्या गल्लीची वही त्यांच्याकडे द्यायची असे ठरले आहे.