खडूच्या टेकड्यांवर तीन दिवस : चिखल, घोडा आणि ६५ पाउंड

पाऊस थांबून चार दिवस कोरडे गेले नसतील तर रिजवेच्या वाटेला जाऊ नका. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर एक पँट, एक टॅक्सीभाडं आणि मेव्हण्याशी अर्ध्या दिवसाचा अबोला, तिन्ही वाचलं असतं. सांगितलं कोणीच नाही. उलट ऑफिसातल्या दोघांनी पाठ थोपटली, "तुम्ही सह्याद्रीवाले, तुम्हाला काय त्या टेकड्या!" मलाही ते पटलं. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला दक्षिण इंग्लंडातली २७७ मीटरची टेकडी म्हणजे काय? आमचं पुणंच त्याच्या दुप्पट उंचीवर वसलंय.

रिजवे म्हणजे एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत जाणारी १३९ किलोमीटरची पायवाट. राष्ट्रीय पायवाट म्हणून ती १९७३ मध्ये खुली झाली, पण माणसं खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, या धारेवरून हजारो वर्षं चालत आली आहेत. आम्ही ईस्टरच्या सुट्टीत शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस काढून तिचा पश्चिमेकडचा तुकडा केला. ओव्हर्टन हिल ते अफिंग्टनच्या टेकडीवर कोरलेला पांढरा घोडा, साधारण ४० किलोमीटर. आधीचा आठवडाभर पाऊस होता. "चढ तर नाहीच," असं म्हणून आम्ही निघालो. चढ खरंच नाहीये. चढाचा प्रश्नच नव्हता.

पहिला दिवस छान गेला, म्हणून थोडक्यात उरकतो. रेडिंगहून ट्रेनने स्विंडन, तिथून ४९ नंबरच्या बसने एव्हबरी. स्विंडनमध्ये गोवेकर बरेच आहेत. बसस्टॉपवर मागे दोन बायका कोकणीत बोलत होत्या, त्यांच्या पिशवीतून ताज्या पावाचा वास येत होता आणि आमच्या डब्यात कालचे ठेपले होते.

एव्हबरीबद्दल माझं स्पष्ट मत: स्टोनहेंज आणि हे यातलं एकच बघायचं असेल तर हे बघा. जगातलं सगळ्यात मोठं दगडी वर्तुळ, व्यास ३३० मीटरच्या आसपास, आत अर्धं गाव वसलेलं, पबसुद्धा आतच. दगडांना हात लावता येतो, टेकून चहा पिता येतो, तिकीट नाही. मेंढ्या असतात, बसण्याआधी खाली बघा. यातले कित्येक दगड गावकऱ्यांनीच सतराव्या-अठराव्या शतकात खाली जाळ करून, वर गार पाणी ओतून फोडले आणि घरांना वापरले. काही गाडले होते, ते १९३० च्या दशकात अलेक्झांडर कीलरने शोधून पुन्हा उभे केले. हा माणूस संत्र्याच्या मार्मालेडच्या धंद्यातल्या घराण्याचा वारस. मुरंब्याच्या पैशातून इतकं मोठं काम झालेलं मी दुसरं ऐकलेलं नाही. सिल्बरी हिल, इ.स.पू. २४०० च्या सुमाराला माणसांनी रचलेला ३९ मीटरचा ढीग, फक्त रस्त्यावरून बघायचा. वर चढायला बंदी आहे, पाळा. वेस्ट केनेटच्या थडग्यात मात्र जरूर जा, टॉर्च घेऊन.

पुढे ओव्हर्टन हिल ते ऑगबर्न सेंट जॉर्ज हा टप्पा कोरडा, मोकळा आणि सोपा. डोक्यावर चंडोल इतके की थोड्या वेळाने गाणं ऐकू येईनासं होतं, जसा घरातल्या पंख्याचा आवाज. वाटेत बार्बरी कॅसल लागतो. नावात कॅसल आहे म्हणून बुरूज, दरवाजा, पाण्याची टाकी शोधू नका. मी शोधली. लोहयुगातला मातीचा कोट आहे तो, दुहेरी तट आणि खंदक, वर गवत. पण हे गवत नीट बघण्यासारखं आहे. या टेकड्यांचा बराचसा माथा नांगरून शेतीखाली गेलाय, दोन्ही बाजूंना बार्ली नाहीतर मोहरीसारख्या रेप या तेलबियांची पिवळीधमक शेतं. खडूवरचं जुनं कुरण उरलंय ते नांगर चालत नाही तिथे, तीव्र उतारांवर आणि या तटांवर. शतकानुशतकं मेंढ्यांनी खुरटं ठेवलेल्या अशा गवतात एका चौरस मीटरमध्ये ४० पर्यंत प्रकारच्या वनस्पती सापडतात. आम्हाला एप्रिलमध्ये पिवळी काउस्लिप फुलं दिसली. ऑर्किड आणि निळी फुलपाखरं हवी असतील तर जूनमध्ये जा. तसंही जूनमध्येच जा.

आता दुसरा दिवस.

ऑगबर्न सोडून वर चढलं की वाट दोन कुंपणांमध्ये शिरते. झाडोऱ्यामुळे ऊन पडत नाही, वारा लागत नाही. ट्रॅक्टर जातात, काही भागांत वर्षातले काही महिने मोटारगाड्यांनाही परवानगी असते, त्यामुळे वाटेला गुडघाभर खोल चाकोऱ्या पडलेल्या. त्या चाकोऱ्यांत पाणी आणि मधल्या उंचवट्यावर आम्ही.

हा चिखल आपला चिखल नाही, हे आधी समजून घ्या. भाताच्या खाचरातला चिखल पाय ओढतो, पण सोडतोही. आपल्याकडचा ओला कातळ घसरवतो, पण कुठे घसरणार ते शेवाळ बघून कळतं. इथे दोन्ही एकत्र. ओला खडू म्हणजे वरून साबण आणि खालून लगदा. चाकाखाली चुरलेला खडू पाण्यात कालवला की कणकेसारखा होतो आणि त्यात चकमकीचे धारदार तुकडे मिसळलेले असतात. प्रत्येक पावलाला बुटाखाली एक थर चढतो. वीस पावलांनी मी दोन इंच उंच झालो होतो आणि प्रत्येक पायाला एकेक वीट बांधल्यासारखी वाटत होती. काठीच्या टोकाने खरवडायचं, पुन्हा वीस पावलं, पुन्हा खरवडायचं. पहिल्या तासात आम्ही दोन किलोमीटरसुद्धा गेलो नाही.

मी तीनदा पडलो, मेव्हणा एकदा. त्याचं एकदाचं पडणं जास्त महाग होतं कारण थर्मास त्याच्याकडे होता. "दाजी, तुम्ही म्हणाला होतात बागेत फिरायला जायचंय," एवढंच बोलला आणि पुढे दुपारपर्यंत काही नाही.

गंमत अशी की पायाखाली इतकं पाणी असून प्यायला थेंब नाही. खडूचा दगड पाणी शोषून घेतो, वर ओढा नाही, झरा नाही. शोषलेलं पाणी पार पायथ्याशी फुटतं, म्हणून गावं सगळी पायथ्याला आणि माथा ओसाड. मग चाकोरीत डबकं कसं साचतं? कुटून मळलेल्या खडूतून पाणी झिरपत नाही. इथले मेंढपाळ पूर्वी खड्ड्याचा तळ माती नाहीतर खडू असा मळून, तुडवून बांधायचे आणि जनावरांसाठी तळी करायचे. आम्ही त्यांच्या तळ्यातूनच चाललो होतो, फक्त ते १० किलोमीटर लांब होतं. माणशी तीन लिटर पाणी बरोबर ठेवा. वाटेत नळ मोजकेच आहेत आणि हवे तेव्हा एकही भेटत नाही.

लिडिंग्टनचा कोट, म्हणजेच ते २७७ मीटर, पाहिला का? पाहिला असेल. मला आठवतं ते तिथल्या गवताला बूट पुसल्याचं. त्यानंतर वाट खाली उतरून डांबरी रस्त्याला लागते, मोटारींच्या बाजूने चालत एम४ महामार्ग ओलांडायचा आणि फॉक्सहिलचा चौक गाठायचा. सगळे या तुकड्याला नावं ठेवतात. मी त्या डांबराला नमस्कार केला. चौकात खायला मिळेल असं एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं. आम्हाला ईस्टरच्या रविवारी काही मिळालं नाही. कठड्यावर बसून ठेपले आणि चिवडा संपवला, ठेपल्यांना खडूची चव होती.

माझा सल्ला विचाराल तर ऑगबर्न ते फॉक्सहिल हा टप्पा सरळ गाळा. पहिल्या दिवशी एव्हबरी आणि बार्बरी करून स्विंडनला मुक्कामाला जा, दुसऱ्या दिवशी फॉक्सहिलपर्यंत टॅक्सी करा. पूर्ण वाट केल्याचं समाधान वगैरे ज्यांना हवंय त्यांनी गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं) आणि दोन काठ्या घ्याव्यात, एक काठी म्हणजे फक्त पडायची दिशा ठरते. पांढरी पँट घालू नका असं सांगणार होतो, पण उलट पांढरीच घाला. माझी काळी होती, तीन धुण्यांनंतरही राखाडी आहे.

रात्री अ‍ॅशबरीत राहिलो. सोमवारी सकाळी सातच्या आत वेलंड्स स्मिदीला पोहोचलो, आणि इथे माझा राग उतरला, हे कबूल करतो. वाटेपासून थोडं आत बीचच्या उंच झाडांचं रिंगण, त्यात लांबट मातीचं थडगं आणि तोंडाशी माणसाहून उंच उभे दगड. इ.स.पू. ३६०० च्या आसपास इथे आधी लाकडी खोली होती, तिच्यात १४ जणांचे अवशेष सापडले. नंतर तिच्यावरच हे मोठं थडगं चढवलं. १९६२-६३ च्या उत्खननात हे उलगडलं. पण थडग्याचं नाव पडलं लोहारावरून. वेलंड हा सॅक्सन लोकांच्या दंतकथेतला लोहार. नाल निखळलेला घोडा इथे बांधायचा, दगडावर एक नाणं ठेवायचं आणि निघून जायचं, परत येईपर्यंत नाल ठोकलेली.

मेव्हण्याच्या उजव्या बुटाचा तळ आदल्या दिवशी पुढून सुटला होता. त्याने बूट काढून दगडापुढे नीट ठेवला, वर वीस पेन्स ठेवले आणि मोजाच्या पायावर उभा राहून म्हणाला, "दाजी, दहा मिनिटं थांबू." थांबलो. काही झालं नाही. वीस पेन्समध्ये कोण करतं? शेवटी बुटाला रॅकसॅकचा पट्टा बांधून निघालो. तुम्ही मात्र दगडांच्या फटींत नाणी खोचू नका, लोक खोचतात आणि ते घाण दिसतं. नऊनंतर इथे कुत्री आणि पोरं येतात, त्याआधी या.

तिथून पांढरा घोडा अडीच-एक किलोमीटर. आणि आता दुसरी फसवणूक. टेकडीच्या उतारावर कोरलेला ११० मीटर लांबीचा हा घोडा जवळ गेल्यावर दिसत नाही. आधी एक पांढरा पट्टा दिसतो, मग दुसरा वळलेला पट्टा, डोळ्याजागी एक गोळा. हे शेपूट की पाय यावर आमच्यात पुन्हा वाद झाला. खालच्या ड्रॅगन हिलवर गेलात तर थोडा जास्त दिसतो. ड्रॅगन हिलच्या माथ्यावर एक उघडा ठिपका आहे, सेंट जॉर्जने मारलेल्या ड्रॅगनचं रक्त सांडलं म्हणून तिथे गवत उगवत नाही म्हणतात. मला ते हजारो बुटांचं काम वाटलं.

पण घोड्याची खरी गोष्ट दिसण्यात नाही, टिकण्यात आहे. पूर्वी लोक समजायचे की राजा आल्फ्रेडने ८७१ मध्ये डेन लोकांना हरवलं त्याची ही खूण. १९९० च्या दशकात खालच्या थरांचं वय काढलं तेव्हा ते इ.स.पू. १३८० ते ५५० च्या दरम्यान निघालं. नुसतं गवत सोलून हा झालेला नाही. खोल चर खणून त्यात खडू कुटून भरलाय, आणि गवत कडेने सतत आत सरकत असतं. काही वर्षं कोणी हात लावला नाही तर घोडा गायब. म्हणजे तीन हजार वर्षं पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी गुडघ्यावर बसून तो खरवडत आलंय. आजही नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक हातोड्याने नवा खडू ठोकतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना खूण मिळू नये म्हणून तो मुद्दाम झाकला होता. त्याच्या अंगावर पाय देऊ नका.

परतीचा धडा पैशाचा. सुट्टीच्या सोमवारी या गावांतून बस मिळेल असं गृहीत धरू नका. आम्ही धरलं. टॅक्सीवाल्याने फोनवर ४० पाउंड सांगितले, स्विंडन स्टेशनला उतरताना ६५ मागितले. सुट्टीचा दर आणि "सीट धुवावी लागेल". सीटकडे बघितलं. पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून भांडता आलं नाही. परतीची गाडी आदल्या दिवशी ठरवा, भाडं लिहून घ्या आणि बसायला कचऱ्याच्या दोन मोठ्या पिशव्या ठेवा.

स्विंडनहून रेडिंगची ट्रेन पकडली. मेव्हणा खिडकीशी बसला होता, बूट काढून. पाच-सात मिनिटं झाली असतील, त्याने मला कोपराने ढोसलं. लांबवर हिरव्या टेकडीच्या माथ्याशी घोडा, पांढराशुभ्र, बारीक. रेडिंगकडे जाताना उजवीकडची खिडकी धरा.